काचपेटीतील धुऱ्याचे भांडण

गतवर्षी श्रावणात केळापूर तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. शाळा दोनशिक्षकी, पण व्हरांड्याच्या कोपऱ्यात गुरुजींनी मोठ्या हौसेने काचेची एक पेटी मांडली होती. तळाशी नाल्यातील वाळू, मध्यभागी एक चपटा दगड, आणि पाण्यात जवळच्याच नाल्यातून आणलेले दोन मळ्या जातीचे मासे. काचेवर व दगडावर धरणारे हिरवे शेवाळ हे मासे खरवडून खातात, तेव्हा पेटी आपोआप स्वच्छ राहील, असा गुरुजींचा हिशेब होता. आणि पहिले काही दिवस तो बरोबरही ठरला. परंतु मी गेलो त्या दिवशीचे दृश्य निराळेच होते. दोहोंपैकी मोठा मासा दगडावर ठाण मांडून बसला होता. लहान मासा पेटीच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी अंग आखडून राहिला होता. तो जरा खाली उतरू लागला की मोठा त्याच्या अंगावर धावून जाई, नाकाडाने ढुसणी देई आणि पुन्हा आपल्या दगडावर येऊन बसे. लहान्याच्या शेपटीच्या कडा फाटल्या होत्या. चौथीतील एक मुलगी मला म्हणाली, "साहेब, थो मोठा लय खराब हाये. लहान्याले जेवूच देत नाई."

मी तेथल्या तेथे सल्ला दिला, की दोघांना पुरून उरेल इतके खाद्य पाण्यात घालीत जावे, म्हणजे भांडणाचे कारणच उरणार नाही. हा सल्ला मला इतका उघड वाटला, की त्यावर विचार करण्याची गरजही भासली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तिकडे जाणे झाले तेव्हा पेटीत एकच मासा होता. मुलांनी साहेबांचे ऐकून पोषण आहारातील भाताची शिते रोज नेमाने पाण्यात टाकली होती. पाणी गढूळ झाले, मोठ्याने दगड सोडला नाही, आणि लहान मासा एके दिवशी सकाळी पाण्यावर तरंगताना आढळला. गुरुजींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या मुलीने मात्र विचारले, "आम्ही त खूप खायले टाकलं होतं. मंग कावून मेला?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मजजवळ नव्हते. पुढे थोडे वाचन केले, थोडे नाल्याकाठी बसून पाहिले, आणि जे उमगले ते येथे मांडीत आहे. जिल्ह्यातील आणखीही काही शाळांत अशा पेट्या आहेत. तेथे हीच चूक होऊ नये, एवढाच हेतू.

प्रथम या माशाची ओळख करून घेऊ. मळ्या हा बोट-दीड बोट लांबीचा, करडा-तपकिरी, अंगाने गोलसर मासा. त्याचे तोंड पुढे नसून डोक्याच्या खालच्या बाजूस असते, आणि खालच्या ओठामागे एक वाटोळी मांसल चकती असते. या चकतीच्या आधाराने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो व ओठांनी दगडावरचा थर खरवडतो. हिंदी मुलखात याच्या भाईबंदांना 'पत्थरचट्टा' म्हणतात, ते नाव किती समर्पक आहे पाहा! कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्यात त्याने स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच अनेक माशांना शास्त्रीय नाव म्हणून दिली. त्यामुळे 'मळ्या' हा आपला मराठी शब्द आजही जगभरच्या ग्रंथांत 'गारा मुल्या' या रूपात नांदत आहे. आपल्या गावी या माशास निराळे नाव असण्याचा संभव आहे. ते गावातील भोई किंवा ढिवर बांधवांना विचारून मुलांकडून लिहून घ्यावे.

दगडावरील तो बुळबुळीत थर म्हणजे केवळ शेवाळ नव्हे. त्यात सूक्ष्म एकपेशीय वनस्पती असतात, जिवाणू असतात, बारीक अळ्या असतात. हा आहार पचावयास जड. म्हणून अशा माशांचे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब व वेटोळे घातलेले असते. त्यांना दिवसभर थोडे थोडे चरावे लागते. आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रवाहाबरोबर वाहत येणारा कीटक आज येथे, तर उद्या तेथे. त्याची राखण करणे अशक्य. परंतु दगडावरचे शेवाळ जागचे हलत नाही. सूर्यप्रकाश मिळाला की खरवडलेल्या जागी ते पुन्हा धरते. म्हणजे दगड हे एक शेत झाले, आणि शेत म्हटले की धुरा आला. धुरा आला की त्याचे भांडणही आले, हे आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांस सांगावयास नको!

कोणता प्राणी हद्द राखतो व कोणता राखत नाही, याचा हिशेब जेरम ब्राउन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ साली मांडला. राखण करण्यास श्रम पडतात, वेळ जातो, जखमेचा धोका असतो. राखणीपासून होणारा लाभ या खर्चाहून अधिक असेल तरच प्राणी हद्द राखतो. नसेल तर सोडून देतो. गायरानावर कोणी जागलीला जात नाही. हरभऱ्याच्या शेतात मात्र माळा बांधून थंडीत रात्र काढतो. मासा हा हिशेब मनाशी मांडतो असे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे वर्तन या हिशेबात बसले तेच अधिक जगले, म्हणून ते वर्तन त्यांच्या अंगी आले.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण जपानमधील आयू या माशाचे आहे. हा वीतभर लांबीचा मासा पिलाच्या अवस्थेत हिवाळा समुद्रात काढतो, वसंत ऋतूत नदीत चढून येतो आणि दगडावरील शेवाळावर वाढतो. प्रत्येक आयू सुमारे एक चौरस मीटर जागा आपली मानतो व तेथे शिरणाऱ्या दुसऱ्या आयूवर धावून जातो. जपानी मच्छीमारांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. ते गळाला आमिष लावीत नाहीत. जिवंत आयूच दोरीला बांधून, त्याच्या मागे मोकळे गळ सोडून, दुसऱ्याच्या हद्दीत फिरवितात. हद्दीचा मालक चिडून धडक मारतो आणि स्वतःच गळात अडकतो. क्योतो विद्यापीठातील हिरोया कावानाबे यांनी १९५० नंतरच्या दशकात या माशांचा बारकाईने अभ्यास सुरू केला. त्यांना असे आढळले की नदीत आयूंची संख्या फार वाढली म्हणजे मासे हद्द राखण्याचे सोडून देतात व थव्याने हिंडून चरू लागतात. चोहोंकडून इतके घुसखोर येतात की राखण करणाऱ्यास खावयास वेळच उरत नाही. जागल परवडेनाशी होते. मार्च महिन्यात नाला आटून डोह उरतो तेव्हा एकाच खडकाला दाटीवाटीने चिकटलेले मळ्या मासे मी पाहिले आहेत. त्यांच्यात भांडण म्हणून दिसले नाही. श्रावणात तेच मासे दगड दगड वाटून घेतात. आपल्या गावच्या नाल्यावर हे दोन्ही ऋतूंत पाहता येण्यासारखे आहे.

जपानच्याच ओकिनावा बेटांलगत, प्रवाळांत राहणारा एक लहानसा मासा तर याहून पुढे गेला आहे. आपल्या हद्दीत उगवणारे नको ते शेवाळ तो तोंडाने उपटून बाहेर टाकतो आणि आवडते तेवढे वाढू देतो. निंदण करणारा मासा म्हटल्यावर मुले हसतील. हसू द्यावे, पण ही गोष्ट खरी आहे.

आता मुलांच्या मनातील मुख्य प्रश्नाकडे वळू: मोठा मासा वाईट आहे काय? बहुतेक शिक्षक येथे दोहोंपैकी एक उत्तर देतात. एक तर 'होय, तो दुष्ट आहे', नाही तर 'निसर्गाचा नियमच असा, बळी तो कान पिळी'. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दुसरे का चुकीचे, हे नीको टिंबर्गेन या डच शास्त्रज्ञाच्या एका प्रयोगावरून कळते. युरोपात ओढ्यानाल्यांत पाठीवर तीन काटे असलेला, 'स्टिकलबॅक' नावाचा लहान मासा असतो. तो शेवाळखाऊ नव्हे. परंतु विणीच्या काळात नर घरटे करतो व त्याभोवतीची हद्द राखतो. टिंबर्गेनने एकाच पेटीत दोन टोकांना घरटी केलेले दोन नर घेतले आणि प्रत्येकास काचेच्या नळीत ठेवले. दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या, तर पहिला नळीतूनच हल्ला करू पाही व दुसरा पळू पाही. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या, की भूमिका नेमक्या उलट होत. मासे तेच, त्यांचे बळ तेच. बदलली ती केवळ जागा. म्हणजे जय कोणाचा, हे नुसत्या बळावर नव्हे, तर आपण कोणाच्या धुऱ्यात उभे आहोत यावरही ठरते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अशा अभ्यासाबद्दल टिंबर्गेन यांना १९७३ साली कोनराड लोरेन्झ व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

नाल्यात मळ्याचे भांडण अर्ध्या मिनिटाचे असते. हद्दीचा मालक धावतो, आगंतुक पळतो, दोन हात पलीकडे दुसरा दगड असतो; संपले. कोणी मरत नाही. पळून जाणे हीच हरणाऱ्याची सुटका असते, आणि घुसखोर दिसेनासा होणे हीच जिंकणाऱ्यास थांबण्याची खूण असते. काचपेटीत ही खूण कधी मिळतच नाही. हरलेला पळतो, पण जातो कोठे? चार हातांवर नव्हे, चार बोटांवर काच. मालकाच्या डोळ्यांपुढे तो अहोरात्र राहतो. म्हणून मालकही अहोरात्र धावत राहतो. साधारण शालेय पेटी साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद असते. तिच्या तळाचे क्षेत्रफळ अठराशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका आयूच्या हद्दीचा पाचवा हिस्सादेखील नव्हे. आयू मळ्यापेक्षा मोठा असतो हे खरे. तरीही अशा पेटीत दोन हद्दी बसणे किती कठीण, याची कल्पना येते. गणिताच्या तासाला मुलांकडून हे उदाहरण अवश्य करवून घ्यावे.

तेव्हा माझा सल्ला कोठे चुकला, हे आता उघड आहे. भांडण एका घासासाठी नव्हते, जागेसाठी होते. पोट भरलेला मासाही आपली जागा राखतोच. शिवाय शिते पडत ती बव्हंशी दगडाच्या आसपास, म्हणजे मालकाच्याच हद्दीत. त्यामुळे ती जागा राखण्यास अधिकच मोलाची झाली. उरलेली शिते कुजली. कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया सुटतो. माशांच्या कल्ल्यांतूनही तो बाहेर पडतच असतो. पेटीतील उपयुक्त जिवाणू थोड्या अमोनियाचे रूपांतर करू शकतात, पण भाताच्या रोजच्या मुठीपुढे ते काय करणार? आधीच भ्यालेला, उपाशी व जखमी मासा अशा पाण्यात तग धरीत नाही. त्या मुलीस मी हे पुढील भेटीत सांगितले. तिचे समाधान झाले की नाही, ते सांगता येत नाही. पण मोठा मासा वाईट आहे, असे ती पुन्हा म्हणाली नाही.

ज्यांनी पेटी ठेवली आहे किंवा ठेवू इच्छितात, त्यांनी वर सांगितलेल्या मापाच्या पेटीत एकच मळ्या ठेवावा. त्याला सोबत हवीच असेल तर पाण्याच्या वरच्या थरात वावरणारे लहान मासे द्यावेत. त्यांचा आहार निराळा, जागा निराळी. त्यांच्याशी त्याचे सहसा वाकडे येत नाही. आपल्याच जातीचा मासा हा त्याचा खरा प्रतिस्पर्धी, कारण त्यास तोच दगड व तेच शेवाळ हवे असते. मोठी टाकी असेल तर चार-पाच चपटे दगड दूर दूर ठेवून मध्ये उभे दगड असे लावावेत की एका ठिकाणचा मासा दुसऱ्यास दिसू नये. सर्व मासे एकाच दिवशी सोडावेत. मागाहून नवा मासा घालावयाचा झाल्यास आधी सर्व दगड उचलून त्यांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या जातात व सर्वांस नव्याने आरंभ करावा लागतो. एखादा मासा वरच्या कोपऱ्यात राहू लागला, रंगाने फिका पडला, पर आखडून बसला, तर उद्यावर न टाकता त्यास निराळ्या भांड्यात काढावे.

खाद्याचा प्रश्न मुलांनीच एका युक्तीने सोडविला. नाल्यातील चार दगड पाण्याने भरलेल्या पसरट टबात उन्हात ठेवावयाचे. काही दिवसांत त्यांवर हिरवा थर धरतो. मग पेटीतील खरवडलेला दगड बाहेर आणि हिरवा दगड आत. पिकांची फेरपालट जशी, तशी ही दगडांची! अधूनमधून उकडलेल्या काकडीची चकती द्यावी व सायंकाळी शाळा सुटण्यापूर्वी उरलेली काढून घ्यावी. भात, पोळी, बिस्किटे मुळीच नकोत. आठवड्यातून एकदा चतुर्थांश पाणी बदलावे. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे. पेटीवर जाळीचे झाकण हवे, कारण मळ्या ओल्या काचेवरूनही चढून बाहेर पडतो.

बाजारातून मासे आणणाऱ्यांनी अधिक सावध असावे. नागपूर-अमरावतीच्या दुकानांत 'अल्गी ईटर' म्हणून जो पिवळसर मासा मिळतो, तो आग्नेय आशियातील. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाला की स्वजातीयांस जगू देत नाही, आणि प्रसंगी इतर माशांच्या अंगावरील बुळबुळीत थरही खरवडू लागतो. लाल शेपटीचा काळा 'शार्क' हा मूळचा थायलंडचा. नावाने शार्क असला तरी तो आपल्या रोहूच्याच कुळातील आहे, आणि त्याची भांडखोरी सर्व हौशी लोकांस ठाऊक आहे. 'सकर' म्हणून विकला जाणारा, खवल्यांऐवजी हाडाळ कवच असलेला मासा दक्षिण अमेरिकेतला. तो हातभर वाढतो. पेटीत मावेनासा झाला म्हणून लोकांनी तो नदी-तलावांत सोडला, आणि आज केरळपासून बंगालपर्यंत अनेक ठिकाणच्या पाण्यात त्याने बस्तान बसविले आहे. मच्छीमारांची जाळी तो फाडतो, आणि देशी माशांच्या चाऱ्यावर हक्क सांगतो. म्हणून बाजारचा मासा कोणत्याही कारणास्तव नाल्यात, तलावात अथवा विहिरीत सोडू नये. तो नको झाल्यास दुकानदारास परत द्यावा. नाल्यातून आणलेला मळ्या मात्र ज्या डोहातून आणला त्याच डोहात परत सोडावा. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या लगतच्या शाळांनी अभयारण्यातून मासाच काय, दगडही आणू नये. तसेच पावसाळ्यात नाल्यावर मुलांना एकटे पाठवू नये, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

एका निरीक्षणाची पद्धत सुचवितो. पेटीच्या पुढील काचेवर बाहेरून दोरे चिकटवून सहा समान चौकटी कराव्यात. तशाच चौकटी कागदावर आखून, रोज एकाच वेळी दहा मिनिटे, दर मिनिटास मासा ज्या चौकटीत असेल तेथे मुलांनी एक रेघ मारावी. आठवड्याच्या शेवटी रेघा मोजल्या की माशाची हद्द कागदावर आपोआप उमटते. मग दगड एका टोकाकडून दुसऱ्या टोकास हलवावा आणि पुन्हा एक आठवडा मोजावे. वर उल्लेखिलेल्या शाळेत उरलेल्या एकट्या माशावर हा प्रयोग झाला. दगडाच्या चौकटीत इतक्या रेघा जमल्या, की मुलांना दुसरा कागद जोडावा लागला; दगड हलविल्यावर दोन दिवस मासा जुन्याच जागी घुटमळत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी नव्या जागी गेला. तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासात हे सहज बसते. काचेला आरसा लावून मासा प्रतिबिंबावर कसा धावतो, हेही दाखविता येईल. पण एक मिनिटाहून अधिक नको, कारण आरशातील घुसखोर कधीच पळून जात नाही.

शेवटी उन्हाळ्याविषयी. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो. पाणी जितके तापेल तितका त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि वाहत्या पाण्यातील माशास ते अधिकच जाचक. बंद शाळेत पेटी ठेवून जाणे म्हणजे माशाचा अंत ठरलेला. म्हणून मार्चअखेर, डोहात पाणी आहे तोवर, मुलांसमवेत जाऊन मळ्या परत सोडावा. बाजारचा मासा असल्यास सुट्टीत तो कोणाकडे राहील, पाणी कोण बदलील, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून त्या व्यक्तीचे नाव शाळेच्या फलकावर लिहावे.